टाकीचं पत्र

मंगळवार म्हणजे माझा लांबचा फेरा.
तीनशे दहा किलोमीटर लाल धूळ, एकोणीस पत्रपेट्या:
एक जुन्या फ्रिजची, एक दुधाच्या कॅनची,
एक नुसतीच बादली, झाकणावर दगड.

ती पत्रं मीच वाटली. हे आधीच सांगून टाकते.
पांढरे लिफाफे, खिडकीतून नाव दिसणारे:
'आपल्या भागातील थ्रीजी सेवा ऑक्टोबरअखेर बंद होत आहे.
अधिक माहितीसाठी आमच्या संकेतस्थळाला भेट द्या.'
नोरीननं बादलीपाशीच वाचलं, उन्हाकडे पाठ करून.
म्हणाली, भेट द्यायला हरकत नाही गं बेव,
पण ते राहतं कुठे?

मग तो सोमवार आला. काही पडलं नाही, काही जळलं नाही.
मनोरा होता तिथेच, वरचा लाल दिवाही चालू.
फक्त टेकडीवरची खुर्ची रिकामी झाली.
स्वयंपाकघरातली खुर्ची ती, पाठ मोडकी.
ज्याला बोलायचं त्यानं चढायचं, बसायचं,
डावा कान मनोऱ्याकडे, आणि मान हलवायची नाही.
डॉसनच्या दोन्ही पोरींची लग्नं तिथे जुळली,
मॉरीच्या ऑपरेशनची तारीख तिथे मिळाली,
लोकरीचा भाव ऐकून एकजण तिथेच रडलाय.
आता तिच्यावर गलाह बसतात, गुलाबी छातीचे,
आणि वाटेल तितका वेळ बोलतात.

दुकानदारानं नवा फोन दिला, पातळ, आरशासारखा.
गावात चालतो. इथे आपला चेहरा तेवढा दिसतो.
काही फोन म्हणे संकटाचा नंबर अजून जुन्याच वाटेनं लावतात.
ती वाट बुजवली,
हे त्यांना कुणी कळवलेलं नाही.

आणि क्लॅरी व्हेनिंग.
त्याच्या लांबच्या कुरणात एक टाकी आहे, पत्र्याची,
तिला कुणीतरी यंत्र बसवून दिलं होतं.
संध्याकाळी सहाला त्याच्या खिशात थरथर व्हायची,
तो चष्मा शोधायचा:
'टाकी ३: ८२ टक्के.'
दुसऱ्या दिवशी, 'टाकी ३: ७९ टक्के.'
मला एकदा म्हणाला, आणि हसत नव्हता,
मला रोज न चुकता लिहिणारं
एवढं एकच उरलंय.

नोव्हेंबरात तो स्वतः जायला लागला.
जाऊन येऊन चाळीस किलोमीटर, दिवसाआड,
काठीनं पत्रा वाजवून बघायचा.
मेंढ्या थांबत नाहीत ना, तहान थांबत नाही.

एका मंगळवारी मागच्या मंगळवारची पत्रं पेटीतच होती.
फाटकापासून घर अकरा किलोमीटर. फेऱ्यात बसत नाही.
गेले.
व्हरांड्यात बसलेला, एक पाय बादलीत,
घोटा वांग्याच्या रंगाचा.
किती दिवस? पाच.
कुणाला सांगायचंस ना रे!
त्यानं माझ्याकडे नुसतं पाहिलं,
मी जीभ चावली.
दवाखान्यात नेते म्हटलं, तर म्हणाला,
आधी टाकीत किती आहे ते बघ.

मी टाकी वाजवली. वरून खाली, बोटांच्या पेरांनी,
पोकळ, पोकळ, पोकळ,
आणि मग एका जागी आवाज जड झाला.
'घरी कुणी नव्हते' असं छापलेलं कार्ड असतं आमच्याकडे,
त्याच्या मागे लिहिलं:
टाकी ३: बेवच्या खांद्यापर्यंत.

तेव्हापासून दर मंगळवारी लिहिते.
छातीपर्यंत. बरगडीपर्यंत. ढग होते, पडले नाहीत.
खाली सही करते: टाकी.
ऑफिसला कळलं तर तिकिटाचे पैसे मागतील.

काल त्याच्या पेटीत बाहेर जाणारं एक पत्र होतं.
तिकीट लावलेलं, सरळ, कोपऱ्यात.
वर थरथरत्या अक्षरात: टाकी ३ यांस.
वीस किलोमीटर नेलं, झडपेच्या झाकणाखाली सारलं,
वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला.

आत काय होतं, विचारू नका.
दुसऱ्यांची पत्रं मी उघडत नाही.